इलेक्ट्रिक भट्टी जास्तच चढते? आपापले अनुभव सांगा

चाकावरची
परवा सेलाडॉन या हिरवट ग्लेझचे अकरा मग भट्टीतून अक्षरशः खरवडून काढले. ग्लेझ ओघळून बुडं काचेत रुतलेली. कंट्रोलरवर आकडा मात्र बरोब्बर 1222 अंश. पुढच्या खेपेला मधल्या शेल्फवर 6 ते 9 नंबरचे कोन (ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे छोटे सुळके; नंबर मोठा तशी उष्णता जास्त) उभे केले. वाकायला हवा होता सहाच, पण सहा, सात, आठ तिघांचं साष्टांग लोटांगण, नऊसुद्धा वाकून नमस्कार करतोय. म्हणजे 1260च्या आसपास मजल गेली. थर्मोकपल (तापमानाप्रमाणे बारीकसा व्होल्टेज देणारी दोन धातूंच्या तारांची जोडी, त्यावरूनच कंट्रोलर आकडा दाखवतो) के टाइपचं, तीनच महिन्यांपूर्वी नवीन घातलंय. तेव्हा ‘जुनं झालं असेल’ हे उत्तर बाद! कंट्रोलरच्या ऑफसेटमध्ये (आकड्यात भर घालायचं सेटिंग) 40 टाकून मोकळी होणार होते, पण म्हटलं आधी विचारावं. तुमच्या भट्टीचं काय निघालं होतं?

पुणेरी वाडगा
सोक (वरच्या तापमानाला भट्टी धरून ठेवणं) किती देता? माझी भट्टी निर्दोष होती, चूक माझीच. सहाचा कोन 1222ला पडतो तो शेवटी ताशी 60 अंशांनी चढवलं तर. ताशी 150ने चढवा, तोच 1243ला पडेल. मी हळू चढवून वर अर्धा तास सोक द्यायचे, भात झाल्यावरही कुकर गॅसवर ठेवावा तसं. त्यात गुरुवार. 1150ला वीज गेली, पाऊण तासाने आली, भट्टी पुन्हा सावकाश चढली. वाडगे घातले होते, ताटल्या निघाल्या.

रात्रपाळी
माझं प्रकरण भीतीचं. पहाटे दीडला पाणी प्यायला उठले, कंट्रोलर ‘एंड’ दाखवतोय आणि भट्टीची गुणगुण चालूच. झाकणाच्या फटीतून पांढरा उजेड. धावत जाऊन मेन पाडला. कॉन्टॅक्टरचे (भट्टीची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले होते, कंट्रोलर बिचारा बंद करून थकला असेल. सगळी शेल्फं वाकली. आता सिरीजमध्ये दुसरा कॉन्टॅक्टर आहे, त्याला वेगळं थर्मोकपल आणि वेगळा कंट्रोलर. तरी शेवटचे दोन तास मी झोपत नाही.

खापर
प्लॅटिनमवालं एस टाइप हौसेने बसवलं, कंट्रोलरचं सेटिंग केवरच राहिलं. आकडा 230 आणि भोकातून बघतो तर आत झगझगीत नारिंगी! एस टाइप फार कमी मिलिव्होल्ट देतं. भट्टी 1200ला गेली असती तरी कंट्रोलरला ती तीनशेच्या आतच वाटली असती. दिवसा होतो म्हणून वाचलो.

आव्याची नात
आमचे आजोबा आवा लावायचे, सगळा हिशेब जाळाच्या रंगावर. मी आकड्यावर विसंबले. थर्मोकपलचं टोक भिंतीतून जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर होतं, त्यामुळे ते विटेचं तापमान सांगायचं. चांगलं अडीच-तीन सेंटिमीटर आत आलं तेव्हा आकडा ताळ्यावर आला. (लाल मातीची एक पणती चुकून त्याच स्टोनवेअरच्या (जास्त तापमानाच्या) खेपेत गेली होती. शेल्फवर तिचं काळं थारोळं अजून आहे.)

मिलिव्होल्ट
मी कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. थर्मोकपल बदललं तेव्हा वायरही बदलली का? थर्मोकपलच्या तारा जिथे जोडतात त्या डब्यापासून कंट्रोलरपर्यंत के टाइपचीच कॉम्पेन्सेटिंग केबल (थर्मोकपलच्या तारांशी जुळणाऱ्या धातूंची) लागते. साधी तांब्याची वायर टाकली की डबा खोलीपेक्षा जितका गरम, तितका आकडा कमी दिसतो आणि भट्टी तितकीच वर जाते. केबल दोन्ही टोकांना उलटी जोडली तर चूक दुप्पट. ऑफसेटने भागवू नका. बिस्कला (ग्लेझआधीच्या कमी तापमानाच्या भाजणीला) डबा कमी तापतो, तेव्हा चूक वेगळी निघेल. मेन बंद करून डबा उघडा.

चाकावरची
उघडला! इलेक्ट्रिशियनने घंटीची लाल-पिवळी वायर टाकलीय, वर टेप गुंडाळून. फायरिंग संपता संपता डब्याशी थर्मामीटर लावला: डबा 68, खोली 31. सदतीस अंशांचा चोर सापडला. मीटरभर केबल आणून काल भट्टी लावली. सहा वाकला, सात ताठ उभा. सोकही दहा मिनिटांवर आणलाय.
आता शेल्फवरचं ग्लेझ कसं काढू? छिन्नी लावली की शेल्फचाच टवका उडतोय.

आव्याची नात
छिन्नी ठेवा. अँगल ग्राइंडरला डायमंड चकती, आणि गॉगल-मास्क लावल्याशिवाय हात लावू नका. मग अॅल्युमिना आणि केओलिन (चिनी माती) निम्मं-निम्मं पाण्यात कालवून शेल्फला दोन हात द्या. फक्त वरच्या बाजूला, खाली लावलं तर गळून खालच्या मगांत पडतं.