गावात पहिला 'मोठा माणूस' कसा झाला? इनामगावच्या पुराव्यांविषयी एक शंका

घोडकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे आजोळ शिरूर तालुक्यातले असल्यामुळे इनामगावच्या उत्खननाचे नाव लहानपणापासून कानावर आहे, पण मुलीचा इतिहासाचा अभ्यास घेताना मी पहिल्यांदाच त्याविषयी नीट वाचले. घोड नदीच्या काठी सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात शेतकऱ्यांची वस्ती होती. तिच्या मध्यभागी एक पाच खोल्यांचे घर होते, त्याला लागून धान्याचे कोठार होते आणि त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष पुरलेला सापडला. हा गावचा प्रमुख असावा, असे सांगितले जाते.

माझी अडचण अशी की, शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून राहणारी माणसे आणलेले अन्न वाटून खात असतील, तर त्यांच्याच वंशजांपैकी एकाच्या वाट्याला पाच खोल्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला एकच खोली हे नेमके केव्हा आणि कशामुळे घडले? धान्य साठू लागल्यामुळे प्रमुख निर्माण झाला, की आधीच कोणाचा तरी शब्द चालत होता आणि म्हणून धान्य त्याच्या दारात आले? शिवाय घर मोठे होते एवढ्यावरून त्यात राहणारा प्रमुख ठरवता येतो का? आपली बलुतेदारी तिथपर्यंत मागे नेता येते का, हेही जाणून घ्यायला आवडेल.

मृद्भांडे यांचा प्रतिसाद

आपला शेवटून दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. केवळ घर मोठे आहे एवढ्यावरून प्रमुख ठरत नाही. एकत्र कुटुंब मोठे असले तरी घर मोठे होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेज या संशोधन संस्थेने १९६८ ते १९८३ या काळात हे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. त्यांनी एखाद-दुसरा खड्डा खणून न थांबता वस्तीचा मोठा भाग उघडा केला आणि शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. त्यामुळे एकच घर सुटे न पाहता कोणते घर कोणाच्या शेजारी होते, हे पाहता आले. ढवळीकरांचा निष्कर्ष अशा अनेक खुणांच्या एकत्र येण्यावर उभा आहे. मोठे घर वस्तीच्या मध्यावर आहे, कोठार त्याला लागून आहे, आणि कुंभार, सोनार यांसारख्या कारागिरांची घरे मात्र वस्तीच्या कडेला आहेत.

पण मला सर्वांत बोलका पुरावा पायांचा वाटतो. इनामगावात प्रौढ माणसाला उत्तरेकडे डोके करून आडवे पुरत आणि पुरण्यापूर्वी घोट्याखालची पावले तोडत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी असे अभ्यासक म्हणतात. रांजणात बसवलेल्या त्या पुरुषाची पावले मात्र शाबूत आहेत. सगळ्या गावाला लागू असलेला नियम एका माणसाला लागू केला गेला नाही, आणि हे ज्यांनी ठरवले ते त्याला पुरणारे लोक होते. घराच्या आकारापेक्षा ही गोष्ट मला अधिक ठाम वाटते, कारण घर माणूस स्वतः बांधतो, पण त्याला कसे पुरायचे ते इतर ठरवतात.

धान्य आधी की प्रमुख आधी, याचे उत्तर पाण्यात शोधावे लागते, असे माझे मत आहे. त्या लोकांचे मुख्य पीक जव होते. त्याच्या जोडीला गहू, तांदूळ, कडधान्ये होती. शिरूरचा भाग पर्जन्यछायेचा आहे. तिथे पावसाच्या भरवशावर दरवर्षी रब्बीचे पीक घेणे आजही सोपे नाही. इनामगावात पाटाचे आणि बांधाचे अवशेष मिळाले आहेत. पाट एकट्या कुटुंबाला खणता येत नाही. कोणी किती दिवस राबायचे आणि पाणी आधी कोणाच्या वाफ्यात सोडायचे, हे कोणीतरी ठरवावे लागते, आणि ज्याचा शब्द पाण्याच्या वाटपात चालतो त्याच्याच दारात वाईट वर्षासाठी राखून ठेवलेले धान्य येणे स्वाभाविक आहे. तेव्हा दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने वाढल्या असाव्यात.

बलुतेदारीविषयी मात्र सावध राहावे. कारागीर कडेला राहत होते, एवढाच पुरावा आहे. त्यांना सुगीला ठरावीक वाटा मिळत होता का, त्यांचा धंदा वंशपरंपरेने चालत होता का, हे मातीतून कळत नाही. मध्ये अडीच-तीन हजार वर्षे गेली आहेत.

उत्तरायण यांचा प्रतिसाद

वरील विवेचन पटले, फक्त 'शेती आली आणि विषमता आली' हे सूत्र सगळीकडे तसेच्या तसे लागू पडत नाही, हे नोंदवतो. रशियातील सुंगीर येथे सुमारे ३४ हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीची दफने सापडली आहेत. त्यांत दोन मुलांच्या अंगावर मिळून मॅमथच्या दातापासून कोरलेले दहा हजारांहून अधिक मणी होते. एवढे मणी कोरायला हजारो तासांचे श्रम लागले असतील, आणि त्या वयाच्या मुलांनी स्वतःच्या पराक्रमाने हा मान मिळवला असेल हे संभवत नाही.

उलट तुर्कस्तानातील चाताल्ह्युयूक हे शेतकऱ्यांचे गाव पाहा. हजारो माणसे एकमेकांना चिकटलेल्या घरांत कित्येक शतके राहिली, आपले मृत त्यांनी इनामगावकरांप्रमाणेच घराच्या जमिनीखाली पुरले, तरीही तिथे उठून दिसणारा वाडा किंवा प्रमुखाचे घर सापडलेले नाही. त्याच देशातील ग्योबेक्ली तेपेचे प्रचंड दगडी स्तंभ तर इ.स.पू. ९५०० च्या सुमाराला शिकारी लोकांनीच उभे केले. म्हणजे माणसे मोठ्या संख्येने एकत्र येऊन काम करू शकतात, यासाठी धान्याचे कोठार ही पूर्वअट नाही.

पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी शेतीच्या आरंभाला 'नवाश्मयुगीन क्रांती' म्हटले आणि तो शब्द रुजला. माझ्या मते त्या शब्दाने आपली थोडी दिशाभूल केली आहे, कारण क्रांती म्हटले की एका झटक्यात घडलेले काहीतरी डोळ्यांसमोर येते.

पांढरीवरचा यांचा प्रतिसाद

मी अभ्यासक नाही. प्रवरेच्या खोऱ्यात आमची शेती आहे, आणि ज्या जोर्वे गावावरून इनामगावच्या या संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळाले ते आमच्या बाजूलाच आहे. आमच्याकडे शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. जुन्या वस्तीच्या टेकाडावरची राखट, पांढुरकी माती माळवदावर टाकण्यासाठी पूर्वी गाड्या भरभरून आणत असत, आणि तशी किती टेकाडे आम्ही न कळत संपवली असतील, याचे आज वाईट वाटते.

अशाच एका टेकाडाच्या कडेला नांगरटीनंतर मला एक खापर मिळाले होते. पातळ, नारिंगी-तांबडे, त्यावर काळ्या रेघांची तिरपी जाळी. नखाने टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. ते मी जवळच्या संग्रहालयात दिले.

सांगायचे ते वेगळेच. इनामगावच्या कोठारात पेवे, म्हणजे धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे, होती आणि कणग्या ठेवायचे गोल ओटेही होते, हे वाचले तेव्हा मला आमच्या जुन्या घराची पडवी आठवली. माझ्या आजीची कणगीही अशाच ओट्यावर असे, खालून वारा खेळावा आणि घुशीने पोखरू नये म्हणून. शेणामातीने लिंपलेल्या त्या कणगीतून धान्य काढायचा अधिकार घरात फक्त तिचा होता. पेव उघडायचे कधी आणि कोणाला किती मापायचे हे जो ठरवतो, त्याचे घर किती खोल्यांचे आहे हे नंतर पाहिले तरी चालते, असे मला वाटते.

घोडकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. शाबूत पावलांचा मुद्दा माझ्या वाचनातून निसटला होता. आणखी एक विचारतो. हे गाव इ.स.पू. ७०० च्या सुमाराला ओस पडले ते का? पाट होता, कोठार होते, ठरवणारा माणूसही होता.

मृद्भांडे यांचा प्रतिसाद

इ.स.पू. १००० नंतरच्या थरांत चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात आणि शिकारीवरचा भर वाढतो. पाऊस कमी झाल्यामुळे शेती पडली आणि लोक अर्धभटके झाले, असे ढवळीकरांचे स्पष्टीकरण होते. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नंतर तिथल्या लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला आणि हवामानावर सगळा भार टाकण्याविषयी शंका घेतली. मुलांची वाढ शेवटच्या काळात खुंटल्याचे मात्र त्यांनाही आढळले.

ही मुले घराच्या जमिनीखाली खड्डा खणून, दोन रांजण आडवे ठेवून, तोंडाला तोंड लावून, त्यांच्या पोकळीत निजवलेली असत. सोबत पाण्याचा तोटीचा चंबू ठेवलेला असे. कोठारातले धान्य शेवटच्या शतकांत कोणापर्यंत पोहोचत होते आणि कोणापर्यंत नाही, हे विचारायचे असेल तर मी प्रमुखाच्या रांजणाआधी या लहान रांजणांकडे पाहीन. त्यांतल्या दातांवर आणि हाडांवर उपासमारीच्या खुणा उमटलेल्या असतात, आणि कोणत्या घराखालचे मूल कसे वाढले हे ताडून पाहण्याची सोय इनामगावात आहे, कारण तिथे घरेही उघडी केली आहेत आणि त्यांखालची दफनेही.