ड्रॅक्युला निव्वळ सिनेमामुळे टिकलेला नाही

ड्रॅक्युला आज लोकांना ठाऊक आहे तो निव्वळ सिनेमांमुळे, असं मत ऐकू येतं, ते मला पूर्ण पटत नाही. सिनेमाने भर घातली हे खरंच. उन्हाने पिशाच्च मरतं ही कल्पना रुजली ती १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या सिनेमामुळे; ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या मूळ कादंबरीत मात्र काउंट ड्रॅक्युला भरदिवसा लंडनच्या पिकॅडिलीत दिसतो. पण भीतीचा गाभा पुस्तकातलाच.

काउंटच्या किल्ल्यात पाहुणा आलेला तरुण वकील जोनाथन दाढी करतोय, खांद्यावर हात पडतो, काउंट ‘गुड मॉर्निंग’ म्हणतो आणि समोरच्या आरशात मात्र काउंट दिसतच नाही! दचकून वस्तरा लागतो, रक्त हनुवटीवर ओघळतं, आणि ते बघून काउंटचे डोळे पेटतात. दिग्दर्शकाला आणखी काय हवं?

शिवाय सगळी गोष्ट रोजनिश्या, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांतल्या कात्रणांतून उलगडते, पण स्वतः काउंटची रोजनिशी त्यात कुठेच नाही. त्याचं मन स्टोकरने कोरं सोडलं, म्हणून प्रत्येक पिढीला तिथे आपला ड्रॅक्युला उभा करता आला, कधी किळसवाणा, कधी देखणा प्रेमिक. फक्त सिनेमे पाहिले असतील तर निदान पहिली चार प्रकरणं, म्हणजे जोनाथनची किल्ल्यातली रोजनिशी, जरूर वाचा.