मदत हवी आहे: सोडलेल्या घारीचा माग कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. खानापूरहून लिहितोय.

संक्रांतीनंतर मांजात अडकलेली एक घार आमच्या गल्लीतल्या चिंचेवरून उतरवली. उजव्या पंखाची कातडी कापली होती, हाड मात्र शाबूत. वनखात्याला लगेच कळवलं, त्यांच्या देखरेखीखाली डॉक्टरांनी टाके घातले. आता ती मोठ्या पिंजऱ्यात या दांडीवरून त्या दांडीवर सरळ उडते. पण शेवटी झेप घेताना उजवा पंख जरा खाली राहतो, आणि तिथंच जीव अडकलाय. पिंजऱ्यातलं उडणं वेगळं, वाऱ्यावर तासभर तरंगणं वेगळं.

सोडल्यावर ती जगली की नाही हे कळायला हवं. एकदा उडाली म्हणजे बरी झाली, असं मला पटत नाही.

वजन ७४० ग्रॅम. माग ठेवणारं यंत्र, म्हणजे टॅग, पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांहून जड नको म्हणतात, म्हणजे फार तर २२ ग्रॅम. २०१३ मध्ये नागालँडात अमूर ससाण्यांना ५ ग्रॅमचे उपग्रह टॅग लावले होते, तेव्हा वजनाची अडचण नसावी. पण बऱ्या होत असलेल्या पंखाजवळ टॅग बांधायचा पट्टा घासणार नाही का? त्यापेक्षा पायात खुणेचा आकडा असलेली रंगीत कडी बरी का? ती दुर्बिणीतून किती लांबून वाचता येते? भीमगडकडच्या जंगलात रेंज नाही, तिथं मोबाईल नेटवर्कवर चालणारा टॅग माहिती साठवून नंतर पाठवतो का?

टॅग असो की कडी, मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागणार हे ठाऊक आहे. कर्नाटकात असा अर्ज कुणी केलाय का? कन्नडमधला नमुना असेल तर कृपया द्या की.