लॉकडाऊनमधली अँग्झायटी व्यायामाने कमी झाली असती का?

निवांत_नाही
कोविडच्या काळात युनिव्हर्सिटीतल्या मुलांचे काय हाल झाले हा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतंच, जी मुलं हलतीफिरती राहिली त्यांना अँग्झायटी कमी होती, म्हणजे बाकीच्यांनीही थोडा व्यायाम केला असता तर एवढं झालं नसतं. मला हे अजिबात पटत नाही. परीक्षा होणार की नाही पत्ता नाही, निकाल कसा लावणार पत्ता नाही, घरात कोणी नुसतं खोकलं तरी पोटात गोळा, आणि वर सल्ला काय तर दोरीच्या उड्या मारा. सगळं खापर पोरांच्याच डोक्यावर!

पहाटपक्षी
खापर कोण फोडतंय रे? घाबरल्यावर छाती धडधडते, धाप लागते, घाम फुटतो, पळतानाही तेच होतं ना. सवय झाली की धडधड म्हणजे संकट नाही हे शरीराला कळतं. शिवाय झोप. लेक्चर अंथरुणात, जेवण अंथरुणात, रात्री ३ पर्यंत मोबाईल पण तिथेच, मग झोप येणार कुठून? डब्ल्यूएचओने नोव्हेंबर २०२० मधे सांगितलं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, आणि सलग १० मिनिटं तरी हवीत ही जुनी अटही काढून टाकली. जिना चढलात तरी धरतात.

निवांत_नाही
मुद्दा तो नाहीये. त्या काळातल्या बऱ्याचशा पाहण्या म्हणजे एकदाच भरून घेतलेला ऑनलाईन फॉर्म. अँग्झायटीसाठी जीएडी-७, म्हणजे ७ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ मार्क, मागच्या २ आठवड्यांबद्दल. हालचाल मोजायला मागचे ७ दिवस आठवून लिहायचे, तेही आपणच. यावरून आधी चिंता आली की आधी बसून राहणं आलं हे कसं कळणार? ज्याला सकाळी उठावंसंच वाटत नाही तो पळायला जाईल का? गंमत म्हणजे त्या ७ मधे एक प्रश्न अस्वस्थपणामुळे एका जागी बसवत नाही का असा आहे, म्हणजे चिंतेने खोलीत येरझाऱ्या घालणारा दोन्हीकडे मार्क मिळवणार 😄

चाळणी
फॉर्मचं मान्य, पण चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेले प्रयोग कोविडच्या आधीपासून आहेत आणि व्यायामाने चिंतेची लक्षणं काही प्रमाणात कमी होतात असंच त्यात दिसतं. काही प्रमाणात, बरं का.

निवांत_नाही
२०२० मधे जगभर अँग्झायटीच्या अंदाजे ७ कोटी ६० लाख जास्तीच्या केसेस, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय, आणि तरुणांना नि बायकांना फटका जास्त. सगळ्यांनी एकदम व्यायाम सोडला म्हणून का?

पहाटपक्षी
हो, सोडलाच की! मैदानं बंद, जिम बंद, कॉलेजला चालत जाणंही बंद.

खोली_क्रमांक_शून्य
तुमचं चालू द्या. मी पॉझिटिव्ह म्हणून हॉस्टेलच्या खोलीत बंद होतो, पलंग आणि टेबलाच्या मधे चटई आडवी टाकली की दार उघडत नव्हतं, जागच्या जागी उड्या मारल्या तर खालच्या मजल्यावरून मेसेज, अरे झोपू दे. आणि नंतर कित्येक दिवस असं की थोडं चाललो तरी दुसऱ्या दिवशी पार गळून जायचो. त्यात कोणी हालचाल कर म्हटलं की डोकं फिरायचं.

चाळणी
आजारी माणसाला कोणीच सांगू नये ते, बरोबर आहे तुझं. पण माझ्या बॅचमधल्या मुलींचं वेगळंच होतं. काउन्सेलिंग ऑनलाईन, आणि घरातल्या पडद्याच्या पलीकडे आई बसलेली, काय बोलणार कप्पाळ? परवानगी मिळाली तशा संध्याकाळी चालायला बाहेर पडायच्या आणि पूर्ण वेळ फोनवर मैत्रिणीशी मोकळं बोलून घ्यायच्या. खूप बरं वाटायचं म्हणायच्या.

पहाटपक्षी
बघ, चालण्याने बरं वाटलं ना!

निवांत_नाही
चालण्याने की बोलण्याने? फॉर्ममधे तर सगळं चालण्याच्याच खात्यात जमा झालं असणार.