मदत हवी आहे: रॉजर्सच्या ‘विनाअट स्वीकारा’वरील वर्तनवादी आक्षेप

मानवतावादी मानसशास्त्राचं मूळ गृहीतक असं की माणसात वाढीची प्रेरणा उपजतच असते, योग्य वातावरण मिळालं की तो स्वतः सावरतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं 1957 मध्ये त्यासाठी 6 अटी मांडल्या, त्यात विनाअट स्वीकार, म्हणजे अशील (उपचार घेणारा) काहीही बोलला तरी त्याला सारखीच ऊब देणं, ही एक. पण संशोधक ट्रुअक्सनं 1966 मध्ये रॉजर्सच्याच ध्वनिमुद्रित उपचारसत्रांचं विश्लेषण केलं, तेव्हा अशिलाच्या काही विशिष्ट बोलण्यालाच अधिक ऊब आणि सहानुभाव मिळत असल्याचं दिसलं, आणि तसं बोलणं वाढलंही. म्हणजे हे निवडक प्रबलनच (हव्या त्या वागण्यालाच बक्षीस देऊन ते वाढवणं), असं वर्तनवादी, म्हणजे वागणं त्याच्या परिणामांनी घडतं असं मानणारे, म्हणतात. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो.

दुसरी अडचण उपचारानं झालेल्या बदलाच्या मोजमापाची. क्यू-सॉर्ट या पद्धतीत अशील स्वतःबद्दलच्या विधानांची 100 कार्डं 9 गठ्ठ्यांत लावतो, एकदा ‘मी आहे तसा’ आणि एकदा ‘मला व्हायचंय तसा’. बटलर-हेगच्या 1954 च्या अभ्यासात या दोन मांडण्यांचा सहसंबंध (त्या किती जुळतात) उपचारानंतर -0.01 वरून 0.34 वर गेला. पण बचावात्मक (स्वतःच्या उणिवा मान्य न करणारा) माणूसही स्वतःला आदर्शाजवळच दाखवतो!

जाणकारांनी कृपया सांगावं: ऊब सर्वच बोलण्याला सारखी दिली, तर बदल होतो का, हे तपासणारी रचना कशी करावी? आणि क्यू-सॉर्टमधला बचावात्मकपणा वेगळा कसा काढावा?