मोबाईलवर रात्रभर चित्रित केलेला दशावतार : आवाज मागे पडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळच्या आमच्या गावी जत्रेत झालेल्या दशावतारावर माहितीपट करतोय. चित्रीकरण झालंय, घोडं अडलंय संकलनात.

पुन्हा शूट करणं शक्य नाही, हे आधीच सांगतो. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं, पण संवाद नट तिथल्या तिथे रचतो, त्यामुळे कॅमेरा मध्येच बंद करून चालत नाही. ३५ मिमी फिल्मचा १००० फुटी रोल जेमतेम ११ मिनिटं पुरतो. त्या काळात आमच्यासारख्यांनी अख्खी रात्र टिपायचं मनातही आणलं नसतं. आता मित्रांचे दोन मोबाईल, ट्रायपॉड आणि पॉवरबँक एवढ्यावर ते झालं. एक मोबाईल रंगमंचासमोर, दुसरा रंगपटात, म्हणजे नट तयार होतात त्या जागी. तिथे मंडळी पेटाऱ्याला आरसा टेकवून आपापला चेहरा रंगवतात, ती दृश्यं फार सुंदर आलीत. म्हणूनच हे अर्धवट सोडवत नाही.

आता अडचण. आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाईन घेऊन वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलाय. मृदंग, पायपेटी, झांज सगळं स्वच्छ ऐकू येतं. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत चित्र आणि आवाज यांतली सुरुवातीची टाळी जुळवली की आडदशावतारापर्यंत, म्हणजे मुख्य कथानकाआधीच्या भागापर्यंत, ठीक चालतं. पण युद्धाचा प्रसंग येईतो राजाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. फाईलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोत मोबाईलच्या फाईलचा फ्रेम रेट 'व्हेरिएबल', म्हणजे कमीजास्त होणारा, दिसतो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तो सेकंदाला स्थिर २५ फ्रेम करून घेतला तर सुटेल का, की रेकॉर्डर आणि मोबाईल यांच्या घड्याळांतलाच फरक आहे? मोबाईलचा स्वतःचा आवाज चित्राशी बरोबर जुळतो. मग त्याच्या आधाराने रेकॉर्डरचा आवाज प्रसंगागणिक तुकडे करून बसवावा का? हँडब्रेकने अंधारातली दृश्यं आणखी खराब होतील अशी धास्ती वाटते.

दुसरं, रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांमुळे चित्रात आडवे पट्टे सरकतात. रंगपटातल्या मोबाईलवर शटर १/५० ठेवता आलं, तिथे हा त्रास नाही. समोरच्या मोबाईलच्या ॲपमध्ये शटर हाताने ठरवायची सोयच नव्हती. रिझॉल्व्हमधलं असे पट्टे कमी करणारं डीफ्लिकर फक्त पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. मोफत काही उपाय आहे का? पट्टे पूर्ण गेले नाहीत तरी चालेल, नटांच्या चेहऱ्यावरून कमी झाले तरी पुष्कळ.

पुढे महोत्सवांसाठी डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, लागेल. ती बनवणारं डीसीपी-ओ-मॅटिक मोफत आहे, ते वापरणार आहे. त्यासाठी २५ फ्रेम तशाच ठेवाव्यात की २४ कराव्यात? २४ करताना वेग कमी झाला तर मृदंगाची लय बदललेली नाटक मंडळींना ताबडतोब कळेल, म्हणून विचारतोय.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, विंडोज. कुडाळ-सावंतवाडीकडे कोणी संकलन करणारं असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, हार्डडिस्क घेऊन मी येतो.