मदत हवी आहे: इंटिरिअर डिझायनरची दोन कोटेशनं आलीत, तुलनाच जमत नाहीये

नवी_चौकट

नमस्कार मंडळी,
दोन बेडरूम, हॉल, किचन. कार्पेट ७५० चौरस फूट, घर पूर्ण रिकामं. दोन डिझायनरांकडून कोटेशन घेतलंय.

पहिली फक्त डिझाइन करणार. फी कामाच्या एकूण खर्चाच्या १० टक्के. सुतार, इलेक्ट्रिशियन, रंगारी आम्ही नेमायचे, ती आठवड्यातून एकदा साइटवर येणार.

दुसरा टर्नकी. माल, मजुरी, देखरेख सगळं त्याच्याकडे आणि डिझाइन म्हणे ‘फुकट’. एकूण आकडा पहिलीच्या अंदाजापेक्षा १८ टक्क्यांनी कमी आहे. तीन दिवसांत थ्रीडी चित्रं पाठवली, ती खरंच सुरेख आहेत. काम सुरू करायला ५० टक्के आगाऊ मागतोय.

१. एकाच भिंतीवरचा एकच वॉर्डरोब एकीकडे ७२ चौरस फूट लिहिलाय, दुसरीकडे ५६. कोण चुकतंय?
२. टर्नकीवाला म्हणतो, ‘थ्रीडी मंजूर करा, बाकीची ड्रॉइंग काम चालू असताना साइटवर काढू.’ चालतं का असं?
३. पैसे कोणत्या टप्प्याला किती द्यावेत?

गुण्या

५६ आणि ७२, दोन्ही बरोबर असू शकतात. भिंत ८ फुटांची असणार. वॉर्डरोब ७ फूट उंच, म्हणजे ८ × ७ = ५६. वर २ फुटांचा लॉफ्ट, ८ × २ = १६. झाले ७२. दुसऱ्याने लॉफ्ट एक तर सोडलाय, नाहीतर पुढच्या पानावर वेगळ्या दराने लावलाय. शोधा, सापडेल.

मुळात वॉर्डरोबचं माप समोरून घेतात, लांबी गुणिले उंची. आत चार ड्रॉवर आहेत की नुसत्या फळ्या, याने चौरस फूट बदलत नाहीत. त्यामुळे दरात काय-काय धरलंय हे लिहून मिळेपर्यंत दोन दर शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. दोघांनाही शब्दशः हाच मजकूर पाठवा:

कार्कस (वॉर्डरोबचा आतला सांगाडा) कशाचं, किती जाडीचं (१८ मिमी हवं). मागची फळी ६ मिमी की ९. आतून लॅमिनेट की नुसता रंग. शटरला (दाराला) बाहेरून १ मिमी लॅमिनेट असेल तर आतून किती. कडेची पट्टी मशीनने दाबलेली की हाताने चिकटवलेली. एका शटरला बिजागऱ्या किती, सॉफ्ट क्लोज आहेत का. ड्रॉवर किती, चॅनल (ड्रॉवर सरकतो ती पट्टी) किती किलो पेलणारं. हँडल, कुलूप, हँगरचा रॉड दरात आहेत का. वॉर्डरोबची उघडी बाजू दिसते तिथलं साइड पॅनल कुणाच्या हिशेबात?

हे शेवटचं हमखास ‘एक्स्ट्रा’ म्हणून बिलात येतं.

आतलं लॅमिनेट हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. प्लायच्या एकाच बाजूला लॅमिनेट असलं की दोन बाजू हवेतला ओलावा सारख्या प्रमाणात घेत नाहीत आणि शटर धनुष्यासारखं वाकतं. ७ फुटी शटरवर ते लगेच नजरेत भरतं.

बिजागऱ्यांचा ठोकताळा: शटरची उंची ९०० मिमीपर्यंत २, १६०० पर्यंत ३, २००० पर्यंत ४, त्यापुढे २४०० पर्यंत ५. तुमचं शटर ७ फूट म्हणजे २१३४ मिमी. खालचं १०० मिमीचं स्कर्टिंग वजा केलं तरी २००० च्या वरच राहतं. तिथे तीनच लावल्या की शटर हळूहळू लोंबतं आणि खालचा कोपरा शेजारच्या शटरला घासायला लागतो.

थोडक्यात, तक्ता तुम्ही करा आणि दोघांनाही त्यातच आकडे भरायला लावा. ते १८ टक्के कुठे गेले ते त्यातच दिसेल.

ओळंबा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात नाही. थ्रीडी हे चित्र आहे, त्यावरून सुतार एक फळीसुद्धा कापू शकत नाही. त्यात कॅमेरा रुंद लेन्सचा असतो, शटर बंद असतात आणि खोली आहे त्यापेक्षा ऐसपैस दिसते.

एक हिशेब मांडून दाखवतो. पलंगाची भिंत १० फूट. तिला काटकोनात, उजव्या भिंतीच्या कडेने वॉर्डरोब, त्याची पुढून मागे खोली २४ इंच. म्हणजे पलंगाच्या भिंतीचे २ फूट तिथेच गेले, उरले ८. गादी ६ फुटी असली तरी पलंगाची चौकट दोन्हीकडे दोन-दोन इंच खाते, म्हणजे पलंग ६ फूट ४ इंच. डाव्या भिंतीला पार टेकवला तरी वॉर्डरोबसमोर २० इंच राहिले. १८ इंची शटर उघडेल खरं, पण तुम्ही उभे कुठे राहणार? ५ फुटी गादी घेतली तर २ फूट ८ इंच मिळतात आणि काम होतं. ‘मग सरकतं शटर करू’ असं कुणी म्हणालं तर आठवण ठेवा, दोन पट्ट्यांचा ट्रॅक साधारण ३ इंच खातो. आत हँगर आडवा बसायला हवा असेल तर वॉर्डरोबची खोली २७ इंचांच्या आसपास जाते.

आता याच भिंतीवरचे स्विचबोर्ड. ते बसवताना भिंतीचा मध्य ५ फुटांवर धरून दोन्हीकडे साडेतीन-साडेतीन फुटांवर बसवलेले असतात, म्हणजे डावीकडून दीड फुटावर आणि साडेआठ फुटांवर. साडेआठवाला वॉर्डरोबच्या पोटात गेला! दीड फुटावरचा पलंगाच्या पाठीमागे. हे कागदावर पाच मिनिटांत कळतं. साइटवर कळलं तर रंगवलेली भिंत फोडावी लागते.

म्हणून कामाला हात लागण्यापूर्वी हे कागद हातात हवेत: घराचं प्रत्यक्ष घेतलेलं माप (बिल्डरच्या नकाशावरचं नको, गिलाव्यानंतर इंच-दोन इंच इकडेतिकडे होतात), फर्निचरसह मांडणीचा नकाशा, फर्निचर असलेल्या प्रत्येक भिंतीचं समोरून ड्रॉइंग, इलेक्ट्रिकचा नकाशा प्रत्येक पॉइंटच्या तयार फरशीपासूनच्या उंचीसह, सीलिंगचा नकाशा, किचनचं प्लंबिंग, आणि या सगळ्यावरून काढलेलं बीओक्यू (कोणतं काम किती आणि कोणत्या दराने, याची यादी). प्रत्येक पानावर तारीख आणि आवृत्ती क्रमांक घालून घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तीन फाइलींपैकी नवी कुठली, हे सुताराला कळत नाही आणि तो हाताला लागली ती धरून कापतो.

भिंत पाडायची असेल तर डिझायनरच्या शब्दावर पाडू नका. ती भार घेते का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल, तेही लेखी.

पाणसळ

वरच्या दोघांशी सहमत, पण टर्नकीला आल्याआल्या झोडपू नये. पहिल्या पर्यायात ठेकेदार तुम्ही नेमलेत की दोन कामांच्या सांध्यावरचं प्रत्येक भांडण तुमच्या अंगावर येतं. सीलिंगवाला म्हणतो एसीच्या पाइपला उतारच नाही, एसीवाला म्हणतो सीलिंग खाली घ्या. आठवड्यातून एक भेट सुतारकामाला पुरते, पण इलेक्ट्रिकचे पाइप टाकण्याच्या आणि फरशीच्या दिवसांत पुरत नाही. त्या काळात जादा भेटी करारात मागा. टर्नकीत निदान जबाबदार माणूस एकच असतो.

‘फुकट डिझाइन’ मात्र मनावर घेऊ नका. ती फी मालाच्या दरात मिसळलेली असते. खरी अडचण ही की ड्रॉइंग तुमची नसतात. मध्येच फाटलं तर तुम्ही कोऱ्या कागदावर. म्हणून डिझाइनची रक्कम वेगळी दाखवायला सांगा आणि ती दिली की ड्रॉइंगवर तुमचा हक्क, हे करारात घाला.

टक्केवारीच्या फीतही एक गोम आहे. संगमरवर महाग निवडलात की फी आपोआप वाढते, ड्रॉइंगचं काम तेवढंच राहून. मंजूर बीओक्यूच्या रकमेवर फी एकदाच गोठवा. नंतर कामाचा पसारा वाढला तरच वाढ. फ्रिज, टीव्ही, एसी यांच्यावर टक्केवारी लागणार नाही हेही लिहून घ्या.

आता पैसे. ५० टक्के आगाऊ देऊ नका, तुमच्या हातात मग काहीच राहत नाही. टप्पे तारखेला बांधू नका, झालेल्या कामाला बांधा. उदाहरणार्थ:

करारावर १० टक्के
सगळी ड्रॉइंग आणि बीओक्यू मंजूर झाल्यावर १५
तोडफोड, प्लंबिंग, इलेक्ट्रिकचे पाइप पूर्ण झाल्यावर २०
प्लाय आणि हार्डवेअर साइटवर उतरून तपासल्यावर २५
कार्कस आणि शटर उभी राहिल्यावर १५
रंग, दिवे, हँडल झाल्यावर १०
त्रुटींची यादी संपल्यावर ५

कारखान्यात तयार होणारं मॉड्युलर किचन याला अपवाद. तुमच्या मापाने कापलेला माल दुसऱ्याला विकता येत नाही, त्यामुळे ते कटिंगआधी मोठी रक्कम मागतात आणि ते रास्त आहे. फक्त ती द्यायच्या आधी उत्पादनाच्या ड्रॉइंगवर तुमची सही झालेली असावी.

बदलांचा नियम एकच. तोंडी बदल नाही. ‘इथे एक फळी वाढवा’ एवढंही लिहून, त्याची रक्कम आणि वाढणारे दिवस दोन्ही मंजूर करूनच. आणि तुमच्या बजेटमधले १० ते १५ टक्के डिझायनरला न सांगता बाजूला ठेवा.

नवी_चौकट

बापरे, शोधल्यावर लॉफ्ट खरंच चौथ्या पानावर सापडला! साइड पॅनल दोघांच्याही यादीत नाही. आणि टर्नकीवाल्याच्या यादीत नुसतं ‘ब्रँडेड प्लाय’ लिहिलंय. साइटवर माल आला की तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सिंकखाली एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) चालेल का?

गुण्या

‘ब्रँडेड’ हा शब्द खोडा. कंपनी, मालिका, ग्रेड, जाडी, चारही लिहून घ्या. ओल्या जागी बीडब्ल्यूपी ग्रेड (उकळत्या पाण्यातही टिकणारा), कोरड्या बेडरूममध्ये एमआर चालतो. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. विक्रेते हा फरक मुद्दाम गुळगुळीत करतात.

माल आला की: शीट ८ × ४, म्हणजे ३२ चौरस फूट. आधी नग मोजा. प्रत्येक शीटवर ग्रेडचा शिक्का आहे का पाहा. वरच्या दोन शीट अस्सल आणि खालची चळत भलतीच, हा प्रकार नवा नाही. कडेने थर पाहा, मध्ये फट दिसली तर तिथे स्क्रू धरणार नाही. बोटाच्या सांध्याने ठोकत जा. आवाज मध्येच पोकळ झाला की आत पोकळी आहे. जाडी कॅलिपरने चार कोपऱ्यांत मोजा. कापलेला एक तुकडा घरी नेऊन आठ तास उकळत ठेवा. बीडब्ल्यूपीचे थर सुटत नाहीत. यादीशी जुळत नसेल तर त्याच दिवशी परत, एकदा लॅमिनेट चढलं की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. मालाची आणि बिजागऱ्यांची बिलं तुमच्या नावाने घ्या, नाहीतर कंपनीची वॉरंटी ठेकेदाराकडेच राहते.

सिंकखाली एमडीएफ नको. कडेतून पाणी शिरलं की फुगतं आणि वाळल्यावर मूळ जाडीवर येत नाही. तिथे बीडब्ल्यूपी प्लाय घ्या, कापलेल्या कडा आणि पाइपची भोकंसुद्धा सीलबंद करून.

ओळंबा

भिंतीत इलेक्ट्रिकचे पाइप बसले की गिलाव्याने बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. चित्रात मोजपट्टी उलगडलेली दिसली पाहिजे, एक आडवी कोपऱ्यापासून, एक उभी फरशीपासून. पुढे खिळा ठोकताना हाच नकाशा. टीव्हीमागे ५० मिमीचा एक रिकामा पाइप जाऊ द्या, वायर बदलायची वेळ येतेच. कोव्हमधल्या (सीलिंगच्या कडेच्या खाचेतल्या) पट्टी-दिव्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारे डबे, हात पोचेल अशा जागी ठेवायला सांगा. सीलिंगच्या आत बंद केले तर एक ड्रायव्हर जळला की सीलिंग कापावं लागतं.

शेवटच्या ५ टक्क्यांची यादी दिवसाउजेडी करा. प्रत्येक ड्रॉवर भरून ओढा, रिकामा ड्रॉवर नेहमीच छान सरकतो. शटरमधल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का. नवीन फरशी नाण्याने ठोकून पोकळ कुठे वाजते. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली टॉर्च मारून सांधे बघा. भिंतीवर टॉर्च तिरकी धरली की पुट्टीच्या लाटा दिसतात.

नवी_चौकट

खूप आभार. शेवटचं एक. किचनमध्ये सिंक आहे त्या जागेपासून २ फूट डावीकडे घ्यायचंय. डिझायनर म्हणते ‘होऊन जाईल’. खरंच होईल?

पाणसळ

होईल. सांडपाण्याच्या पाइपला १ ला ४० उतार धरला तर २ फुटांत साधारण १५ मिमी खाली जावं लागतं, ती अडचण नाही. पण तो पाइप कॅबिनेटच्या मागून आडवा जाणार. म्हणजे मधल्या कॅबिनेटचे ड्रॉवर मागून किमान ३ इंच आखूड करावे लागतील. ते आखूड माप आत्ताच ड्रॉइंगवर लिहून मागा. ड्रॉवर पूर्ण खोलीचे बनून आले तर ते मिटणार नाहीत आणि मग कुणीतरी पाइपच वाकवायला निघेल.